डावीकडे वळलेली मान

मी अस्वल बोलतोय. घाबरू नका, मुठीत मावणारं अस्वल आहे, दगडाचं. पाय आखूड, पोट जमिनीला टेकायला आलेलं, शेपूट असून नसल्यासारखी. अंगावर पिवळट-तांबूस पट्टे आहेत आणि पाठीवरून एक गडद लाल रेघ येते, ती मानेपाशी एकदम तुटते. ही मान डावीकडे वळलेली आहे. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी हाक मारली म्हणून मी वळून बघितलं आणि तसाच राहिलो.

हाक कुणीच मारली नव्हती. काय झालं होतं ते लक्षात असलेला आता मी एकटाच उरलोय. आणि माझं बोलणं घरात कुणाला ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आमच्या झुनी आदिवासींच्या गावात घरोघर दगडाचे प्राणी कोरतात. काही प्राणी घरातल्या पूजेचे असतात. त्यांची गोष्ट वेगळी, ती माझ्यासारख्यानं सांगू नये. मी साधा. मला कुणी मंत्र घातला नाही की आशीर्वाद दिला नाही. एका पोरानं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घासून घासून बनवलं, एवढंच माझं कुळ.

त्या पोराचं नाव डेल्विन. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. घर त्याच्या आईचं, लोरेन्सिताचं. आमच्याकडे घर बाईचंच असतं. पटेनासं झालं की नवरा आपलं बोचकं उचलून स्वतःच्या आईकडे चालू लागतो. डेल्विनचा बाप तसाच गेला होता. त्यामुळे पोराला वळण लावायचं काम मामाकडे, म्हणजे लोरेन्सिताच्या धाकट्या भावाकडे आलं. या अलोन्झोमामानंच त्याला डोंगरापलीकडून आणलेला पट्ट्यापट्ट्यांचा दगड दिला, एक झिजलेली कानस दिली आणि सांगितलं, "दगडात कोण बसलंय ते आधी बघ. मग हात लाव."

पोरानं काय बघितलं कोण जाणे. तिसऱ्या दिवशी दगड मधोमध फुटला. तो रडकुंडीला आला तेव्हा मामा हसून म्हणाला, "फुटला ना? मग दोन बसले असतील आत. दोघांना बाहेर काढ."

त्यातला एक मी. दुसरा माझा भाऊ. ती लाल रेघ त्याच्या पाठीवर सुरू व्हायची आणि माझ्या पाठीवर संपायची.

भाऊ आईला द्यायचा होता, तिच्या वाढदिवसाला, तिला न कळता. पण थंडीचे दिवस, ऊब फक्त स्वयंपाकघरात. टेबल खिडकीशी आणि लोखंडी चूल त्याच्या डाव्या हाताला, चार पावलांवर. चुलीपाशी आई उभी. आता तिच्याच डोळ्यांदेखत तिच्यापासून लपवून काम करायचं म्हणजे काय होणार? पोरगा खिडकीकडे तोंड करून बसायचा, आम्हालाही नाक खिडकीकडे करून धरायचा, आणि दोनदा कानस मारली की त्याची नजर डावीकडे जायची. आई वळली का? बघितलं का?

"आई, मागं बघू नकोस हं."

"का रे? काय चाललंय?"

"काही नाही. तू तुझा रस्सा ढवळ."

"ढवळतेच आहे मी. तू आधी ते नाक धुरळ्यातनं वर काढ. पीठ चाळल्यासारखा दिसतोयस."

जिकडे डोळा तिकडे हात. आमची तोंडं समोर यायच्याऐवजी हळूहळू डावीकडे, चुलीकडे वळत गेली. मामानं बघितलं आणि पोट धरून हसला. "अरे, ह्यांची मान अवघडली का काय? रात्री उशी सरकली वाटतं!"

"मामा, हळू बोल ना," डेल्विन कुजबुजला. "ते बघताहेत, ती इकडं बघतेय का."

मला त्या वेळी नुकतेच डोळे आले होते. मी जगात पहिलं जे बघितलं ते हे: चुलीपुढे पाठमोरी उभी असलेली एक बाई, खांद्यावर फडका, उजव्या हातात पळी. ती वळली नाही. पण हसत होती. पाठीवरूनसुद्धा कळतं ते.

भाऊ वाढदिवसाला तिच्या हातात गेला. तिनं त्याला चुलीच्या कडेच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. आणि मी गेलो शाळेत.

डेल्विनच्या शाळेत त्या वर्षी हॅरियट नावाच्या एक बाई नव्यानं आल्या होत्या. लांबून आलेल्या, कुणाची ओळख नाही, घरात शेगडी धड पेटत नाही. पोरांना कळत नाही असं मोठ्या माणसांना वाटतं, पण सगळ्या वर्गाला ठाऊक होतं की बाईंनी ट्रंक भरून ठेवलीय आणि शनिवारी त्या जाणार. शुक्रवारी डेल्विननं मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, हे घ्या."

"मला? का रे?"

"ह्याचा भाऊ आमच्या घरी राहिला. ह्याला एकटं वाटतंय."

बाईंनी मला पिशवीत टाकलं. घरी जाऊन त्यांनी ट्रंकेतले कपडे परत कपाटात लावले. एका वर्षासाठी आलेली बाई कायमची राहिली.

माझ्यानंतर त्यांच्या फळीवर एकेक प्राणी येत गेला. लांडगे, गरुड, बेडूक, डोंगरातले सिंह. बहुतेक त्यांच्याच विद्यार्थ्यांनी कोरलेले. कुणी दिलेले, कुणाकडून विकत घेतलेले. त्या प्रत्येकापुढे हातानं लिहिलेलं कार्ड ठेवायच्या. दुकानातल्या कार्डांवर 'अस्वल: आरोग्य देतं', 'लांडगा: वाट दाखवतो' असलं काहीबाही छापलेलं असतं. मी आरोग्य देत असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. बाईंच्या कार्डांवर फक्त पोराचं नाव आणि इयत्ता असायची. माझ्यापुढे होतं: 'अस्वल. डेल्विन, इयत्ता सातवी.' पाहुणा आला की त्या म्हणायच्या, "सुरुवात ह्याच्यापासून." ज्यांना स्वतःची पोरं नसतात, त्यांची फळी कधी कधी अशी भरत जाते.

डेल्विन मोठा झाला, नावाजलेला कारागीर झाला. दगडाची धूळ त्याच्या पापण्यांवर कायमची बसली. वर्षातून एकदा बाईंकडे यायचा आणि मला उचलून म्हणायचा, "अजून आहे का हा वाकड्या मानेचा?" पण त्याच्या सगळ्याच अस्वलांची मान डावीकडे असते हे मला ठाऊक होतं. दुकानदार म्हणे कुरकुर करायचा, गिऱ्हाईक विचारतं, एखादं सरळ कर की. डेल्विन सांगायचा, "सरळ बघणारं दुसऱ्याकडून घ्या."

पुढे पुढे तो यायचा त्याआधी त्याचा खोकला यायचा. अंगणातून ऐकू यायचा. "डेल्विन, तोंडाला काही बांधतोस की नाही?" बाई विचारायच्या.

"आई जुना शर्ट बांधायला लावते, बाई. पण श्वास कोंडतो मग."

"कोंडू दे. बांध."

"उद्यापासून."

एक्केचाळिसाव्या वर्षी तो उद्या संपला. दगड पोटाला देतो आणि फुप्फुसातून परत घेतो, असं आमच्यात जुने कारागीर म्हणतात. मी दगडच आहे. ते ऐकताना मला मान खाली घालावीशी वाटते, पण माझी मान तेवढी एकाच बाजूला वळते.

तो गेल्यावर बाई त्याच्या घरी जाऊन आल्या आणि संध्याकाळभर माझ्यापुढे बसून राहिल्या. दिवा लावला नाही.

दोन वर्षं गेली. मग एके दिवशी लोरेन्सिता बाईंच्या दारात उभी. हातात अंगणातल्या मातीच्या भट्टीतला गोल पाव, फडक्यात गुंडाळलेला, गरम.

"बाई, जरा जास्तच भाजला. म्हटलं तुम्हाला आणावा."

"म्हणजे करपलेला मला?" बाई हसल्या. "बस, बस."

लोरेन्सिता बसली. हवेच्या गप्पा झाल्या, नातीच्या शाळेच्या झाल्या. तिची नजर मात्र फळीवर, माझ्यावर. पाठीवरच्या लाल रेघेवर. मग ती उठून गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाव, पुन्हा हवा. तिसऱ्या वेळीही तेच. आमच्यात दुसऱ्याच्या फळीवरची वस्तू मागत नाहीत. मागण्यासारखं दुसरं काही नसलं तरी मागत नाहीत.

चौथ्या वेळी बाईंनी पाव घेतला, बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं. "लोरेन्सिता, गावात मी ऐकलंय. तू दुकानांतून अस्वलं गोळा करतेस म्हणून."

लोरेन्सितानं कप उचलून परत ठेवला.

"आणि इथं चार वेळा आलीस. चारही वेळा चहा गार केलास आणि फळीकडं बघत बसलीस."

"नाही हो बाई. मी आपली सहज."

बाईंनी मला उचललं. त्यांचा अंगठा माझ्या पाठीवरून दोनदा फिरला. तो रोज फिरायचा, माझी पाठ त्यानंच गुळगुळीत झाली होती. त्यांनी मला लोरेन्सिताच्या ओंजळीत ठेवलं.

"नको बाई. हे तुमचं पहिलं आहे. कसं घेऊ मी?"

"मी ह्याच्यामुळं इथं राहिले. आता मला जा म्हणणारं कुणी उरलं नाही. हाडं मुरली इथं." बाईंनी तिची ओंजळ मिटवली. "हे बघ, उसनं नाही, विकत नाही. देतेय. तुमच्यात दिलेल्या वस्तूचं फार असतं, एवढं मला एकतीस वर्षांत कळलंय."

लोरेन्सितानं मला छातीशी धरलं आणि घरी जाईपर्यंत खाली घेतलं नाही. जाताना मी मागे बघितलं. फळीवर कार्ड तसंच उभं होतं, 'अस्वल. डेल्विन, इयत्ता सातवी', आणि त्याच्यामागे काही नव्हतं. बाईंनी ते शेवटपर्यंत काढलं नाही असं नंतर कळलं.

तेच घर, तीच खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर एकवीस अस्वलं ओळीनं बसली होती, हिरवी, काळी, एक निळसर. सगळ्यांच्या माना डावीकडे. नाकं खोलीकडे होती आणि आता त्यांच्या डावीकडे दार होतं, म्हणून सगळी दाराकडे बघताहेत असं वाटायचं. मी बाविसावा.

माणसांचं लक्ष नसलं की आम्ही बोलतो. एक जण चार वर्षं दातांच्या डॉक्टरच्या काचेच्या कपाटात होता. त्याला अजून किंकाळ्यांची स्वप्नं पडतात. एक ट्रकच्या पुढच्या काचेशी देशभर फिरला होता. त्यांनीच मला सांगितलं की लोरेन्सिता डोळे फुटेस्तोवर मण्यांच्या बाहुल्या ओवते आणि दुकानांत जाऊन बाहुलीच्या बदल्यात अस्वल आणते. दुकानदार कपाट उघडतो, ती फक्त माना बघते. डावीकडे वळलेली दिसली की बोट दाखवते. मुलाचं नाव एकदाही घेत नाही. गेलेल्याचं नाव या घरात घेत नाहीत.

पण हे ती का करते, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला कळलं ते अलोन्झोमामा आला त्या दिवशी. तो आता म्हातारा झाला होता, गुडघ्यावर हात देऊन बसायचा. त्यानं कट्ट्यावर नजर टाकली आणि मी दिसताच उभाच राहिला.

"अक्का. हा त्या दगडाचा."

"हो."

"दुसरा अर्धा."

"हो म्हटलं ना."

आमच्यात माणूस गेला की चौथ्या दिवशी त्याचं जे काही असेल ते त्याच्यामागे पाठवायचं. कुठे, कसं, ते सांगायचं नसतं. घरात त्याचं काही ठेवलं तर त्याचा पाय निघत नाही. डेल्विनच्या चौथ्या दिवशी मामानं घरभर फिरून त्याचं सगळं गोळा केलं होतं. कानशी, घासायचं चाक, कपडे, टोपी, अर्धे कोरलेले दगड. लोरेन्सिता मागून चालत होती, डोळ्यांत पाणी नाही, वेडी झाल्यासारखी एकेक वस्तू काढून देत होती. तिनं मिठाच्या बरणीशेजारचं अस्वलही काढून दिलं. माझा भाऊ.

"तेव्हा मी विचारलं होतं तुला," मामा म्हणाला. "हे कुणाचं म्हणून."

"विचारलं होतंस."

"तू म्हणालीस, त्याचंच."

"त्यानंच केलेलं होतं रे! मला काय सुचत होतं तेव्हा?" तिनं पळी आपटली. "एकोणतीस वर्षं माझ्या चुलीपाशी होतं ते. माझं होतं. मला दिलेलं. आणि मी माझ्या हातानं दिलं. एक तेवढं माझं होतं घरात त्याच्या हातचं. नियमानं माझ्याकडं राहिलं असतं, आणि मी मूर्खानं तेही दिलं!"

मामानं कट्ट्यावरच्या ओळीवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाला, "पण आता हा बाजार मांडलास त्याचं काय? तू त्याला धरून ठेवतेयस, अक्का. त्याला जाऊ दे."

"मी त्याचं काही धरलेलं नाही." ती ताठ झाली. "ही लोकांची होती. त्यानं विकली तेव्हाच ती त्याची राहिली नाहीत. मी बाहुल्या देऊन आणलीत. हा बाईंनी मला दिलाय. ह्यातलं एक तरी त्याचं आहे का? सांग की! नियम तुला जास्त ठाऊक."

वकिलाला हरवील असं बोलली होती. मामानं नुसतं कट्ट्यावरच्या मक्याच्या पिठाकडे बोट दाखवलं. ती रोज सकाळी आमच्यापुढे चिमूटभर टाकायची. "आणि विकायच्या अस्वलांना कोण जेवू घालतं?"

"तू जेवून जा आधी," ती म्हणाली. "मग त्यांच्यावर जळ."

दोघं हसली. मग ती पदराला डोळे पुसावेत तशी फडक्याला डोळे पुसत चुलीकडे गेली. मामानं जाताना आमच्यापुढे स्वतःही चिमूटभर पीठ टाकलं, ती बघत नाही असं बघून.

तिला वाटायचं आम्ही दाराकडे बघत कुणाची तरी वाट बघतो. मुलगी रोवीना आली की ती सांगायची, "बघ, कशी दाराकडं डोळे लावून बसलीत." कोणाची वाट बघतात ते दोघीही बोलत नसत. मी ओरडायचो, अगं दाराकडे नाही! तू आम्हाला उलटं बसवलंयस! पण दगडाचा आवाज दगडातच राहतो.

डेल्विनची खुर्ची टेबलाशी रिकामीच असायची. खुर्ची घराची, म्हणून राहिली. पण तीत कुणी बसत नव्हतं. त्या हिवाळ्यात लोरेन्सिताचे गुडघे फार धरले. एका सकाळी चुलीवर मेंढीच्या मटणाचा आणि मक्याचा रस्सा ठेवून ती आमच्यावरची धूळ पुसायला आली. उभं राहवेना. तिनं इकडेतिकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि बसली. आम्हाला एकेक करून पुसून ती टेबलावर ठेवू लागली. खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणून आमची तोंडं न बघता, जशी हाताला आली तशी, नाकं खिडकीकडे करून ठेवली. त्यानं धरली असती तशी.

बाविसावा मी. मला ठेवून तिनं हात मागे घेतला आणि ओळीकडे बघितलं. बावीस माना डावीकडे. तिनं आमच्या नजरेमागोमाग स्वतःची नजर नेली. टेबलाच्या कडेवरून, फरशीवरून, चार पावलं. चूल. आता घटकेपूर्वी ती जिथं उभी होती ती जागा. जिथं ती चाळीस वर्षं उभी होती.

तिनं मला उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग खालच्या आवाजात, दोन वर्षांत पहिल्यांदा, तिनं नाव घेतलं.

"डेल्विन," ती म्हणाली. "मला वाटायचं तू दगडात डोकं घालून बसलायस. आणि मी एकदाही मागं वळून बघितलं नाही रे."

रस्सा जळला. सगळ्या घरात धूर झाला. ती बसूनच होती, आणि आम्ही बावीस जण रिकाम्या जागेकडे बघत होतो.

त्या दिवसापासून तिनं आम्हाला टेबलावरच ठेवलं, खोलीकडे पाठ करून. रोवीना म्हणायची, "आई, त्यांच्या पाठी काय बघायच्या? तोंडं तरी इकडं कर."

"असू दे."

"पण का?"

"असू दे म्हटलं ना, पोरी."

सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं. ते तिनं एकदा घेतलं होतं, तेवढं पुरे झालं. ती नुसती स्वयंपाक करायची आणि मधूनच, पळी हातात धरून, मागे वळून आमच्याकडे बघायची. रोज. मला तिचा तो चेहरा आठवतो. तसा चेहरा बघण्यासाठी एका पोरानं केवढा दगड घासला होता, आणि त्याला तो बघायला मिळाला नाही.

मागच्या शरदात तिला अंथरूण धरावं लागलं. एके दुपारी तिनं रोवीनाला बोलावलं. "ते पट्ट्याचं आण. लाल रेघेचं." रोवीनानं मला नेलं. तिनं माझ्या पाठीवर अंगठा फिरवला आणि मला लेकीच्या मुठीत घालून वरून आपली मूठ आवळली.

"हे तुला दिलं. नीट ऐक. दिलं. आता हे माझं नाही. कुणी विचारलं तर काय सांगशील?"

"माझं आहे म्हणून सांगेन. आई, आता हे कशाला?"

"कुणी विचारलं तर चुकू नकोस."

ती एकदा चुकली होती. लेकीला तिनं चुकू दिलं नाही.

चौथ्या दिवशी अलोन्झोमामा काठी टेकत घरभर फिरला. फडके, मण्यांच्या सुया, पळी. मग तो टेबलाशी आला. एकेक अस्वल उचलायचा आणि विचारायचा. "हे कुणाचं?"

"आईचं," रोवीना म्हणायची, आणि ते बोचक्यात जायचं. दातांच्या डॉक्टरकडचं गेलं. ट्रकवालं गेलं. जाताना कुणी रडलं नाही. का रडतील? विकलं म्हणून जे डेल्विनच्या मागे जाऊ शकलं नव्हतं, ते आता आईचं म्हणून आईबरोबर चाललं होतं. ज्यानं घडवलं त्याच्याकडे, आणि जिला बघत होतो तिच्यासोबत. असा प्रवास कुठल्या दगडाला मिळतो?

मामाच्या हातात मी आलो. "आणि हे?"

मला ओरडायचं होतं. म्हण, आईचं! म्हण ना! भाऊ तिकडे गेलाय, रेघेचा दुसरा तुकडा तिकडे आहे, मला एकट्याला मागे ठेवू नकोस.

"माझं," रोवीना म्हणाली. ओठ चावत होती. "मला दिलंय."

"हातानं?"

"हातानं."

मामानं मला तिच्या हातात परत दिलं. त्याचे डोळे भरले होते. "मग राहू दे. ह्या वेळी बरोबर झालं," तो म्हणाला.

म्हणून मी आहे. बोचकं गेलं, टेबल रिकामं झालं. घर आता रोवीनाचं आहे आणि ती माझी फार काळजी घेते, खोटं कशाला सांगू. रोज चिमूटभर पीठ टाकते. आईनं पाठ करून ठेवलं होतं ते तिला आवडायचं नाही, म्हणून तिनं मला खिडकीच्या कट्ट्यावर, तोंड खोलीकडे करून बसवलंय. तिची छोटी जोलीन विचारते, "आई, हा असा का बघतो?"

"दाराकडं बघतोय, सोन्या. आजीची वाट बघतोय."

पोरगी मग माझ्याबरोबर दाराकडे बघत उभी राहते.

रोवीना, बाळ, तुझी माया मला कळते. पण दारातून फक्त माणसं जाताना बघितली मी. तुझी आई त्यातून शेवटची गेली, बोचकं घेऊन मामा गेला. त्या बाजूला माझं काही नाही. मला टेबलावर ठेव. नाक खिडकीकडे कर आणि हात काढून घे, बाकीचं माझी मान करील.

आता या क्षणी माझ्या वळलेल्या मानेमागे चूल धडधडतेय. कांदा तडतडला, मिरची पडली, जोलीनला ठसका लागला. चुलीपाशी कुणीतरी उभं आहे, खांद्यावर फडका असेल, उजव्या हातात पळी असेल. मला एवढंच बघायचंय, ती मागे वळून बघते का.